पहिल्या रात्री घट्ट, आठव्या दिवशी सैल : दहा वर्षांच्या एका हाताचं प्लास्टर

रुग्ण : मुलगा, वय १० वर्षं, वजन २८ किलो. संध्याकाळी पाचच्या सुमारास सायकलवरून पडताना डावा हात जमिनीवर टेकला आणि कोपराखाली मधोमध वाकला. जखम नाही, रक्त नाही. हे एका विशिष्ट मुलाचं टिपण नाही. हाडांच्या ओपीडीत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकाच हातावर मांडल्या आहेत. प्रकरण मुद्दाम साधं निवडलं आहे, कारण प्लास्टर चुकतं ते बहुतेक वेळा अशा साध्या हातांवरच.

दाखल होताना

शेजाऱ्यांनी एक काम चोख केलं होतं. हात ओढूनताणून सरळ न करता, आहे त्या वाकड्या अवस्थेत खोक्याच्या जाड पुठ्ठ्यावर ठेवून ओढणीने गळ्यात अडकवला होता. लेप नाही, कामट्या नाहीत, आवळून बांधलेलं फडकं नाही.

एक्स-रे समोरून आणि बाजूने असा दोन दिशांनी काढला, आणि दोन्हींत कोपर आणि मनगट दोन्ही दिसतील असा. हा हट्ट कशासाठी? कोपराखाली दोन हाडं आहेत, रेडियस आणि अल्ना. दोघांपैकी एक मोडून आखूड झालं की दुसऱ्याचा सांधा निखळू शकतो, आणि फक्त मोडलेल्या जागेचा फोटो काढला तर ते निसटतं. इथे सांधे जागेवर होते. दोन्ही हाडं मधल्या तिसऱ्या भागात मोडलेली, खालचा तुकडा हाताच्या पाठीकडे कललेला, कोन २५ अंश.

नर्व्ह तपासायला मुलांच्या बाबतीत सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे दगड-कागद-कात्री. मूठ वळली तर मिडियन नर्व्ह ठीक, पंजा मागे उघडला तर रेडियल, दोन बोटांची कात्री झाली तर अल्नर. शेवटी अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळवून गोल करायला सांगितलं की मिडियनची खोलवरची एक फांदी तपासली जाते. या मुलाने चारही केलं, रडत रडत, पण केलं. हे भूल देण्याआधी करायचं आणि कागदावर लिहून ठेवायचं. नाहीतर दुसऱ्या दिवशी बोट हललं नाही, तर ते पडल्यामुळे की आपल्यामुळे हे कुणालाच सांगता येत नाही.

हाड बसवलं, प्लास्टर घातलं

साडेचारला वडापाव खाल्लेला. पोट रिकामं व्हायला सहा तास थांबावं लागलं, तोवर हात कच्च्या प्लास्टरच्या पट्टीवर. रात्री अकराच्या सुमारास भूल दिली.

मुलांच्या हाडावरचं पेरिऑस्टियम नावाचं आवरण जाड असतं. हाड पाठीकडे वाकतं तेव्हा ते तळहाताच्या बाजूला फाटतं आणि पाठीच्या बाजूला टिकतं. हे टिकलेलं आवरण म्हणजे बिजागरी. नुसतं ओढत बसलं तर ही बिजागरी ताणून घट्ट होते आणि टोकं एकमेकांवर अडकलेलीच राहतात. म्हणून आधी आहे तो बाक मुद्दाम वाढवायचा, टोकाला टोक लावायचं आणि मग दार लावावं तसं हाड सरळ करायचं. या हातात ते पहिल्याच प्रयत्नात बसलं. तपासणीच्या फोटोत कोन ४ अंश.

मग प्लास्टर. त्वचेवर स्टॉकिनेटचा मोजा, त्यावर कापसाचा रोल. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या अर्ध्यावर चढवायचा म्हणजे सगळीकडे आपोआप दोन थर होतात. कोपराचं टोक आणि मनगटाचं करंगळीकडचं हाड इथे एक-दोन थर जास्त. कोपर ९० अंशांत. त्यावर १० सेंटीमीटर रुंदीचे पीओपीचे (प्लास्टर ऑफ पॅरिसचे) चार रोल, दंडाच्या मध्यापासून तळहातावरच्या रेषेपर्यंत. पाठीकडून बोटांच्या गाठींशी थांबायचं, अंगठा मोकळा, चारही बोटं मुळापासून वळली पाहिजेत. रोल बादलीतल्या साध्या, कोमट नसलेल्या पाण्यात तिरका सोडायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग दोन्ही टोकांकडून मध्याकडे हलकं दाबायचं, पिळायचं नाही, नाहीतर पावडर बादलीत जाते आणि हातावर नुसतं जाळीचं कापड उरतं. गुंडाळताना ओढ द्यायची नाही, रोल हातावरून घरंगळत न्यायचा. सहा ते आठ थर पुरे. ओल्या प्लास्टरला बोटांची टोकं लावायची नाहीत, तळवे लावायचे. बोटाने पडलेला खळगा आतून उंचवटा होतो आणि तिथे त्वचेला जखम होते.

बादलीत नेमकं काय होतं ते इथेच सांगून टाकावं. जिप्सम या खनिजात कॅल्शियम सल्फेटच्या एका रेणूमागे पाण्याचे दोन रेणू असतात. साधारण १२० ते १५० अंशांना भाजलं की त्यातलं पाऊण पाणी उडतं आणि पांढरी पावडर उरते. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवरच्या जिप्समवरून तिचं नाव पडलं. तिला पाणी दाखवलं की ती गेलेलं पाणी परत घेते, सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात आणि भाजताना घेतलेली उष्णता बाहेर पडते. म्हणून ओलं प्लास्टर हाताला गरम लागतं. पाणी गरम घेतलं, थर जास्त चढवले आणि वर हात प्लास्टिकच्या उशीवर ठेवला, तर खालची त्वचा खरंच भाजते. गणपतीच्या कारखान्यात साच्यात ओततात ती पावडरही हीच. विसर्जनानंतर मूर्ती पाण्यात लवकर विरघळत नाही त्याचं कारणही हेच गुंतलेले स्फटिक.

रसायनाला १०० ग्रॅम पावडरीमागे १८-१९ ग्रॅम पाणी लागतं. बाकीचं सगळं फक्त कालवण्यापुरतं, ते नंतर उडून जातं. त्यामुळे चार-पाच मिनिटांत घट्ट झालेलं प्लास्टर वाळलेलं नसतं. पूर्ण ताकद यायला हाताच्या प्लास्टरलाही एक-दोन दिवस लागतात, भाद्रपदातल्या दमट हवेत त्याहून जास्त. तोवर ते कोपराशी दुमडलं की मोडतं.

आणि एक गैरसमज. ‘प्लास्टर वाळताना आवळतं’ असं सगळे म्हणतात. पीओपी घट्ट होताना आवळत नाही, उलट अगदी किंचित फुगतं. आवळल्यासारखं वाटतं ते आतला हात सुजल्यामुळे.

या हातावर दोन चुका झाल्या. हाड रात्री बसवलेलं, सूज अजून वाढायची होती, तरी पूर्ण गोल पक्कं प्लास्टर घालून ते न चिरता मुलाला वॉर्डात पाठवलं. दुसरी चूक त्या रात्री कुणाला दिसली नाही, ती आठव्या दिवशी दिसली.

पहिली रात्र

पहाटे चारला मूल जागं झालं. आई म्हणाली, ‘बोटाला हात लावू देत नाहीये.’ वेदनाशामक औषध दोनदा देऊन झालं होतं. बोटं गुलाबी, नखावर दाबून सोडलं की दोन सेकंदांच्या आत रंग परत येत होता. इथेच गफलत होते. बोटं लाल आहेत, ठोका लागतोय, म्हणजे सगळं ठीक, असं म्हणून सकाळपर्यंत थांबलं जातं.

कोपराखालचे स्नायू न ताणणाऱ्या पडद्यांच्या कप्प्यांत बांधलेले असतात. आत सूज वाढली की दाब वाढतो. हा दाब केशवाहिन्यांतला रक्तप्रवाह बंद पाडायला पुरतो, पण मोठ्या धमनीतला नाही. म्हणून स्नायू गुदमरत असतानाही मनगटावर ठोका लागतोच. विश्वासाच्या खुणा दोनच : दुखापतीच्या मानाने अवाजवी आणि वाढत जाणाऱ्या वेदना, आणि बोटं हळूच सरळ केली की किंचाळणं. लहान मुलांत तिसरी खूण अशी की मूल बेचैन होतं आणि औषधाच्या डोसांतलं अंतर कमी कमी होत जातं. पहाटे परिचारिकेने मधलं बोट सरळ केलं आणि मुलाने दुसऱ्या हाताने तिचं मनगट पकडलं. यानंतर एक्स-रेची वाट बघायची नसते.

प्लास्टर दंडापासून बोटांच्या गाठींपर्यंत एका रेषेत चिरलं, कडा फाकवल्या आणि खालचा कापूस व स्टॉकिनेटही त्वचा दिसेपर्यंत कापलं. अर्धवट चिरण्याला अर्थ नसतो. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांत नुसत्या चिरीने कप्प्यातला दाब सुमारे ३० टक्के उतरला, कडा फाकवल्यावर ६५ टक्के, आणि आतला कापूस कापल्यावर आणखी सुमारे १० टक्के. हात हृदयाच्या पातळीवर ठेवला. फार उंच टांगला असता तर आधीच कमी पडणारा रक्तपुरवठा आणखी घटला असता. अर्ध्या तासात मूल झोपलं. ते झोपलं नसतं, तर पुढचं पाऊल शस्त्रक्रिया करून पडदे उघडणं हे होतं, आणि त्यासाठी हाताशी मोजकेच तास असतात.

हाडाची बसवणी चिरल्यामुळे बिघडेल ही भीती खरी असते. पण बिघडलेलं हाड पुन्हा बसवता येतं, मेलेला स्नायू नाही. मेलेल्या स्नायूची जागा आकसणारा तंतुमय वण घेतो आणि बोटं पंजासारखी वळून राहतात. रिचर्ड फोन फोल्कमान या जर्मन शल्यचिकित्सकाने १८८१ मध्ये या व्यंगाचं वर्णन करताना घट्ट बांधणीकडे बोट दाखवलं होतं. तेव्हा पीओपीची पट्टी वापरात येऊन जेमतेम तीस वर्षं झाली होती.

त्या पट्टीची गोष्ट थोडक्यात. त्याआधी युरोपात लढाईवरचे वैद्य अंड्याचा पांढरा बलक, मैदा, मेण लावून पट्ट्या कडक करत. १८३०च्या दशकात ब्रुसेल्सच्या लुई स्युताँ यांनी खळीची पट्टी आणली, ती वाळायला दोन-तीन दिवस लागत आणि तेवढ्यात हाड सरकायचं. इराकमधल्या बसऱ्याच्या ब्रिटिश वाणिज्यदूताने अठराव्या शतकाच्या अखेरीस कळवलं होतं की तिथे मोडलेल्या पायाभोवती जिप्समचा पातळ लगदा ओततात. युरोपात ते करून पाहिलं गेलं, पण पाय अक्षरशः दगडात चिणल्यासारखा व्हायचा आणि सुजेला जागाच नसायची. हारलेमच्या लष्करी रुग्णालयातले डच डॉक्टर आंतोनियस मातायसन यांनी १८५१ मध्ये कोरडी पावडर जाड्याभरड्या सुती कापडात चोळली आणि पट्टी भिजवून गुंडाळली. साधी कल्पना, पण काही मिनिटांत घट्ट होणारी, हवी तितकीच जाड, आणि कात्रीने चिरता येणारी. क्रिमियाच्या युद्धात सेवास्तोपोलला रशियन सर्जन निकोलाय पिरोगोव्ह यांनी प्लास्टर मोठ्या प्रमाणावर वापरलं. त्यांना ही कल्पना एका शिल्पकाराच्या कामावरून सुचली होती.

आठवा दिवस

चिरलेलं प्लास्टर क्रेप बँडेजने बांधून मूल घरी गेलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाखवायला सांगितलं होतं, मधे गौरी-गणपती आले आणि ते राहिलं. आठव्या दिवशी सूज पूर्ण उतरली होती. प्लास्टर आणि हात यांच्या मधे एक बोट सहज जात होतं. मुलाला आता काहीच दुखत नव्हतं, म्हणून घरचे निर्धास्त. एक्स-रेत कोन ४ वरून १७ अंशांवर गेलेला.

हाच या प्रकरणाचा गाभा. ज्या प्लास्टरने पहिल्या रात्री हात गुदमरवला, तेच आठव्या दिवशी हाड धरू शकलं नाही. पीओपी जसंच्या तसं होतं, बदलला तो आतला हात.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मोडलेल्या हाडांवर एक अध्याय आहे. त्यात मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन यांच्या साली आणि बांबू, साल वृक्ष, वड यांच्या पट्ट्या सांगितल्या आहेत. पण त्याहून मोलाची दोन वाक्यं बांधणीबद्दल आहेत : सैल बांधली तर सांधा स्थिर होत नाही, घट्ट बांधली तर सूज, वेदना आणि पू होतो. म्हणून बेताची बांधावी, आणि थंड ऋतूत सातव्या, समशीतोष्ण ऋतूत पाचव्या, उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी सोडून पुन्हा बांधावी. आज आपण पहिले तीन आठवडे दर आठवड्याला एक्स-रे काढतो, तो याच विचाराने. गावोगावचे हाडवैद्य अजूनही कामट्या बांधतात. त्यांच्याकडून गँगरीन होऊन आलेले हात बघितले की वाटतं, कामट्या राहिल्या, पण सोडून बघायचा दिवस कुठेतरी गळून पडला.

आता दुसरी चूक. आठव्या दिवशीच्या फोटोंवर प्लास्टरच्या आतली रुंदी मोजली. बाजूच्या फोटोत ५२ मिलिमीटर, समोरच्या फोटोत ५८. भागाकार ०.९०. याला कास्ट इंडेक्स म्हणतात. १९९४ पासून वापरात असलेलं हे माप मुलांच्या हातात ०.८ च्या आत, शक्यतो ०.७ च्या आसपास हवं. कोपराखालचा हात गोल पाइप नाही, लंबगोल आहे. प्लास्टर गोल झालं की आतली दोन्ही हाडं एकमेकांकडे सरकतात आणि कलतात, मग ते कितीही जाड असो. हाताच्या प्लास्टरची जाडी आणि वजन बघून ‘चांगलं मजबूत घातलंय’ म्हणणाऱ्यांना हा भागाकार दाखवावा.

दहा वर्षांच्या मुलात हाडाच्या मध्यभागी १० अंशांपर्यंतचा कोन वाढीबरोबर भरून निघेल असं धरतात. सहा वर्षांचं मूल असतं तर थोडं जास्तही चाललं असतं. १७ अंश सोडून देण्यासारखे नव्हते. एक पर्याय म्हणजे मोडलेल्या पातळीवर प्लास्टर पाऊण घेर कापून, कापलेली बाजू उघडून मधे ठोकळा बसवायचा आणि वरून पुन्हा गुंडाळायचं. घट्ट बसलेल्या प्लास्टरमध्ये ही युक्ती सुरेख चालते. सैल प्लास्टरमध्ये ठोकळा प्लास्टरला वाकवतो, हाडाला नाही. म्हणून पुन्हा भूल, पुन्हा बसवणी. आठव्या दिवशी जुळणी अजून मऊ असते, हाताने वळते. तिसऱ्या आठवड्यात ती तशी वळत नाही.

दुसरं प्लास्टर

या वेळी कापूस बेताचाच. जास्त कापूस म्हणजे पुढे सैलपणा. पीओपी ओलं असताना दोन्ही तळव्यांनी पुढून आणि मागून दाबून हात चपटा केला, करंगळीकडची कड सरळ रेषेत ठेवली, आणि मग तीन जागी दाब दिला : मोडल्या जागेच्या थोडं वर तळहाताच्या बाजूने, आणि त्याच्या दोन्ही टोकांना, कोपराकडे आणि मनगटाकडे, पाठीच्या बाजूने. यामुळे टिकलेली बिजागरी ताणलेली राहते आणि हाड मागे कलू शकत नाही. प्लास्टर बाहेरून किंचित वाकडं दिसलं. नातेवाईक त्यावर हमखास विचारतात, ‘हे वाकडं कसं घातलं?’ इंग्लंडचे जॉन चार्नली यांनी १९५० मध्ये हाच मुद्दा ठसवला होता : सरळ हाडासाठी प्लास्टर वाकडंच लागतं. घट्ट होईपर्यंतची चार-पाच मिनिटं हे दाब हलू द्यायचे नाहीत. नवा भागाकार : ४४ भागिले ६२, ०.७१. कोन ५ अंश. या वेळी प्लास्टर लगेच चिरून, फटीत किंचित अंतर ठेवून बांधलं, आणि चौथ्या दिवशी फट पुन्हा आवळली.

वडिलांनी विचारलं, ‘हलकं, रंगीत, फायबरचं का नाही?’ फायबरग्लासच्या जाळीत पॉलियुरेथेन असतं, ते पाण्याने कडक होतं. अर्ध्या तासात वजन पेलतं, टिकाऊ असतं, एक्स-रेत हाड जास्त स्पष्ट दिसतं. पण ते रबरासारखं परत ताणतं, त्याला तळव्याने नेमका आकार देणं पीओपीइतकं जमत नाही, आणि ओढून गुंडाळलं तर ते खरंच आवळतं. नुकत्या बसवलेल्या हाडाला पीओपी, सूज गेल्यावर आणि आकार पक्का झाल्यावर फायबर, हा आमच्या मते योग्य क्रम. ‘वॉटरप्रूफ आहे’ म्हणून आंघोळ मात्र नको. वरचं कवच भिजत नाही, आतला कापूस भिजतो आणि वाळत नाही.

घरी द्यायच्या सूचना मोजक्याच : पहिले दोन दिवस हात उशीवर, बोटं तासातासाला हलवायची, दुखणं वाढलं तर रात्री-अपरात्री यायचं. खाज सुटली तर विणायची सुई, पट्टी, कंगव्याचं टोक आत घालायचं नाही. आत मोडलेली काडी किंवा पडलेलं नाणं पुढे जखम करतं आणि बाहेरून फक्त वास येतो.

काढताना

चौथ्या आठवड्यात कोपर मोकळं करून छोटं प्लास्टर, सहाव्यात सगळं काढलं. एक्स-रेत नवं हाड चारपैकी तीन कडांवर पूल बांधून होतं. कटरला मुलं घाबरतात. १९४०च्या दशकात अमेरिकन डॉक्टर होमर स्ट्रायकर यांनी बनवलेलं हे पातं गोल फिरत नाही, थरथरतं. कडक वस्तू कापली जाते, मऊ त्वचा त्याच्याबरोबर हलते. धोका कापण्याचा कमी, भाजण्याचा जास्त : पातं ओढत नेलं की तापतं, फायबरवर तर फारच. म्हणून वर-खाली टेकवत जायचं आणि मधेमधे पात्याला बोट लावून बघायचं.

खालून निघाला तो बारीक, केसाळ, पापुद्रे सुटलेला हात. हे सगळं महिन्याभरात जातं. दोन्ही कोपरं कमरेला चिकटवून तळहात वर वळवायला सांगितले, तेव्हा डावा हात उजव्यापेक्षा १५ अंशांनी कमी वळला. मालीश नको, ओढाताण नको, मूल खेळताना तो कोन स्वतःच भरून काढतं. पण कोपराखालचं हाड त्याच जागी पुन्हा मोडण्याची शक्यता पुढचे काही महिने असते, म्हणून सायकल आणि झाडावर चढणं तीन महिने बंद.